भूकंपाचे पंचांग असते का?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या मालेत आजवर इतिहास, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले. त्या पंक्तीत भूशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाला बसवून त्याला भूकंपाविषयी बोलण्यास सांगणे, हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. उत्सवाच्या मांडवात हा विषय काढणे काहींना अप्रशस्तही वाटेल. परंतु ज्या संस्थेने मंदिर, धर्मशाळा, वसतिगृह आणि वाचनालय अशा वास्तू उभ्या केल्या आणि जी आता पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करीत आहे, तिने आपल्या वास्तूंखालच्या भूमीचा स्वभाव जाणून घेणे हे औचित्याला धरूनच आहे, असे मला वाटते.

मी भूशास्त्र शिकवतो असे कळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पुढचा भूकंप कधी?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की, तारीख आणि वेळ कोणालाही सांगता येत नाही. भ्रमणध्वनीवर अधूनमधून फिरणारे "आज रात्री अमुक वाजता" असे संदेश निखालस खोटे असतात. ते पुढे पाठवू नयेत. मात्र या नकारापाशी विषय संपत नाही. पुढचा भूकंप कधी होईल हे सांगता आले नाही तरी मागचे कधी झाले हे पुष्कळदा सांगता येते, अगदी हजार-दीड हजार वर्षांमागचे सुद्धा. त्या जुन्या तिथींवरून येत्या तीस किंवा पन्नास वर्षांतील धोक्याचा अंदाज कसा बांधतात आणि त्या अंदाजावर किती विसंबावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम एका शब्दाचा अर्थ सांगतो. पृथ्वीच्या कवचातील खडकांत असंख्य भेगा आहेत. ज्या भेगेच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांच्या मानाने सरकलेले असतात, तिला भ्रंश म्हणतात. बहुतेक सर्व मोठे भूकंप अशा भ्रंशांवरच होतात. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा कॅलिफोर्नियातील सॅन आंद्रेयास हा भ्रंश सुमारे ४७० किलोमीटर लांबीपर्यंत फाटला. त्याला ओलांडून जाणारी कुंपणे आणि रस्ते मधोमध तुटून काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत बाजूला गेले. हॅरी फील्डिंग रीड या शास्त्रज्ञाने भूकंपापूर्वीच्या आणि नंतरच्या जमीन-मोजणीचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. त्याच्या ध्यानात आले की, भ्रंशापासून दूरची जमीन कित्येक वर्षे हळूहळू सरकत आली होती; भ्रंशालगतची जमीन मात्र घर्षणामुळे अडकून पडली होती. वेताची छडी दोन्ही हातांनी वाकवत न्यावी, ताण साठत जावा आणि एका क्षणी ती कडकन मोडून तिचे दोन्ही तुकडे सरळ व्हावेत, तसे हे घडले. रीडने १९१० साली मांडलेली ही उपपत्ती आजही या शास्त्राचा पाया आहे.

सभेत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना हे लगेच उमजेल. भूकवचाची संथ हालचाल भ्रंशाच्या खात्यावर रोज थोडी थोडी थकबाकी चढवीत असते आणि भूकंप म्हणजे त्या थकबाकीची एकदम होणारी वसुली. सॅन आंद्रेयास भ्रंशावर ही थकबाकी दरवर्षी साधारण ३५ मिलिमीटर एवढी चढते, म्हणजे आपली नखे वाढतात जवळजवळ त्याच गतीने. सहा मीटरला ३५ मिलिमीटरने भागले की सुमारे १७० वर्षे येतात. कागदावर हिशोब जुळला! परंतु या भागाकारात एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येक वेळी पूर्ण थकबाकी वसूल होते आणि ती ठराविक रक्कम साठल्यावरच होते, असे आपण धरून चाललो. ते कितपत खरे, हे पाहायचे तर खात्याची मागची पाने उलटली पाहिजेत. आणि कॅलिफोर्नियातील लिखित नोंदी तर जेमतेम अडीचशे वर्षे मागे जातात. एवढ्यात एखादी दुसरी वसुलीच सापडायची.

येथे मातीच मदतीला येते. लॉस एंजेलिसच्या ईशान्येस सुमारे ५५ किलोमीटरवर पॅलेट क्रीक नावाचा एक लहानसा ओढा आहे. सॅन आंद्रेयास भ्रंश हा ओढा ओलांडून जातो, त्या जागी पूर्वी दलदल होती. दलदलीतील वनस्पती कुजून काळा थर बसे. पूर आला की त्यावर वाळूचा आणि गाळाचा फिकट थर पसरे. पुन्हा काळा, पुन्हा फिकट. शतकानुशतके हे चालले. विसाव्या शतकाच्या आरंभी ओढ्याने आपले पात्र खोल कापले, दलदल आटली आणि पाण्याखाली झाकलेले थर उभ्या काठात उघडे पडले. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारा केरी सी हा तरुण या काठाशी गेला. भ्रंशाला आडवे चर खणून त्याने चरांच्या भिंती खरवडून स्वच्छ केल्या आणि एकेक थर बोटाने पुढे पुढे नेत, तो कोठे तुटतो याचा नकाशा तयार केला.

त्यामागचे तर्कशास्त्र इतके साधे आहे की शाळेतील मुलांनाही ते समजावे. भूकंपाच्या दिवशी जे थर अस्तित्वात असतात ते सर्व तुटतात. जो थर त्यानंतर बसतो, तो तुटलेल्या थरांवर चादर अंथरावी तसा अखंड पसरतो. म्हणजे तुटलेल्यांपैकी सर्वांत वरचा थर आणि न तुटलेल्यांपैकी सर्वांत खालचा थर या दोहोंच्या मधल्या काळात तो भूकंप झाला. आता या दोन थरांचे वय कळले की तिथी ठरली. वय ठरवण्यासाठी काळ्या थरांतील वनस्पतींचे अवशेष उपयोगी पडतात. सजीव जिवंत असेपर्यंत हवेतील किरणोत्सारी कार्बन अल्प प्रमाणात ग्रहण करीत असतो. मृत्यूनंतर तो घेणे थांबते आणि शरीरात असलेला कार्बन ५७३० वर्षांत निम्मा होतो, या गतीने घटत जातो. शिल्लक किती ते मोजले की काळ कळतो. ही मोजणी वर्षाच्या अचूकतेची नसते, तिच्यात काही दशकांचे कमीजास्त राहतेच. पण जेथे पूर्वी काहीच ठाऊक नव्हते तेथे एवढेही पुष्कळ झाले.

पॅलेट क्रीकच्या चरांनी दहा मोठ्या भूकंपांची मालिका उघड केली. पहिला इसवी सन ६७१ च्या सुमाराचा आणि अखेरचा ९ जानेवारी १८५७ चा, ज्याची लिखित नोंदही आहे. दहा भूकंपांमध्ये नऊ अंतरे. त्यांची सरासरी सुमारे १३२ वर्षे. केरी सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सुधारित आकडे १९८९ साली प्रसिद्ध केले. आता १८५७ मध्ये १३२ मिळवून पाहा. उत्तर येते १९८९! आणि योगायोग असा की, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झालाही. परंतु तो पॅलेट क्रीकपासून सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस झाला. पॅलेट क्रीकचा भाग त्या वेळी हलला नाही आणि त्यानंतरही तुटलेला नाही. १८५७ नंतर १६५ वर्षांहून अधिक काळ तो गप्प आहे. असा योगायोग एखाद्या भविष्यवाल्याच्या हाती लागला असता तर त्याने त्यावर आयुष्यभर दुकान चालवले असते, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे.

मग सरासरीत चुकले काय? सरासरी बरोबर होती. तिच्याकडून आपली अपेक्षा चुकली. त्या नऊ अंतरांपैकी पाच अंतरे शंभर वर्षांहूनही लहान आहेत आणि उरलेल्या चारांपैकी तीन दोन-तीन शतकांची आहेत. १८१२ आणि १८५७ यांमध्ये अवघी ४५ वर्षे गेली, तर १८१२ पूर्वी तीन शतकांहून अधिक काळ शांतता होती. सरासरीच्या आसपासचे अंतर नऊपैकी एकच निघाले. भूकंप तेथे दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्याने आलेले दिसतात आणि दोन घोळक्यांच्या मध्ये दीर्घ विश्रांती. कापडाच्या दुकानाची वर्षभराची सरासरी विक्री काढावी आणि प्रत्येक दिवशी गल्ल्यात तेवढीच रक्कम शोधावी, तसे हे झाले. दिवाळीचा आठवडा आणि आषाढातला भिजलेला मंगळवार हे दोन्ही त्या सरासरीत आहेत. सरासरीच्या रकमेचा दिवस मात्र क्वचितच उगवतो.

याच भ्रंशाच्या दुसऱ्या एका तुकड्यावर याहून बोलका प्रयोग झाला. पार्कफील्ड हे कॅलिफोर्नियाच्या मध्यभागातील चिमुकले खेडे. तेथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ या वर्षी साधारण एकसारखे मध्यम भूकंप झाले होते. सरासरी अंतर सुमारे २२ वर्षांचे. येथे पॅलेट क्रीकसारखी ओढाताण नव्हती. फक्त १९३४ चा भूकंप अपेक्षेपेक्षा दहा वर्षे आधी आला होता आणि तो अपवाद म्हणून बाजूला ठेवला की मालिका फारच सुबक दिसे. या आधारावर १९८५ साली शास्त्रज्ञांनी जाहीर अंदाज केला की, पुढचा भूकंप १९८८ च्या सुमारास होईल आणि १९९३ पूर्वी तो होण्याची शक्यता ९५ टक्के आहे. सरकारी भूशास्त्र विभागाने त्याला मान्यता दिली आणि त्या खेड्याभोवती उपकरणांचे जाळे विणले गेले. १९८८ गेले, १९९३ गेले. शतक बदलले. अखेर २८ सप्टेंबर २००४ रोजी भूकंप आला, ६ महत्तेचा. (वृत्तपत्रे ज्याला "रिश्टर" म्हणतात त्या आकड्याला मी महत्ता म्हणतो आहे.) म्हणजे २२ ऐवजी ३८ वर्षांनी. तो फाटतही गेला मागच्या खेपेच्या उलट दिशेने आणि इतकी उपकरणे कान टवकारून बसलेली असताना त्याने आगाऊ सूचना म्हणून काहीही दिली नाही.

काही लोक या प्रकरणाला शास्त्राची फजिती म्हणतात. मला ते मान्य नाही. भूकंप त्याच जागी झाला, जवळपास अपेक्षित आकाराचा झाला आणि उपकरणे तेथे असल्यामुळे त्याची जेवढी बारकाईने नोंद झाली तेवढी क्वचितच कोणाची झाली असेल. जागा आणि आकार भ्रंशाच्या इतिहासाने बरोबर सांगितले. वेळ तेवढी सांगितली नाही. भूतकाळाकडून काय मागावे आणि काय मागू नये, याचा एवढा स्पष्ट निवाडा दुसरीकडे मिळणार नाही. माझा आक्षेप असलाच तर तो १९३४ चे वर्ष बाजूला सारण्याला आहे. सहा नोंदींपैकी जी गैरसोयीची, तिलाच अपवाद ठरवले की हिशोब सुबक होतो, पण खरा राहत नाही.

याचा अर्थ सर्वच भ्रंश असे लहरी असतात असे नव्हे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील आल्पाइन भ्रंशावर होकुरी नावाच्या ओढ्याकाठी संशोधकांना ८००० वर्षांतील २४ भूकंपांची मालिका मिळाली. २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. तेथील अंतर सरासरी ३३० वर्षांचे आणि ते आश्चर्य वाटावे इतके नियमित आहे. बहुधा तो भ्रंश लांब, सरळ आणि इतर भ्रंशांच्या लुडबुडीपासून दूर असल्यामुळे. अखेरचा भूकंप १७१७ सालचा. येत्या पन्नास वर्षांत तेथे मोठा भूकंप होण्याची शक्यता २०२१ साली ७५ टक्के वर्तवण्यात आली असून तेथील प्रशासन त्या दृष्टीने तयारीला लागले आहे.

या टक्केवारीचा अर्थ थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण घोटाळा येथेच होतो. हिशोब करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत भ्रंशाला स्मरणशक्ती नाही असे धरते. सोंगट्यांच्या फाशाला मागचे दान आठवत नाही, तसे. सरासरी १५० वर्षांनी भूकंप होणाऱ्या भ्रंशावर कोणत्याही तीस वर्षांत तो होण्याची शक्यता या रीतीने सुमारे १८ टक्के निघते, मग मागचा भूकंप काल झालेला असो की दोनशे वर्षांपूर्वी. दुसरी रीत भ्रंशाला स्मरण आहे असे मानते. भूकंप नुकताच होऊन गेला असेल तर थकबाकी कमी, म्हणून शक्यता कमी. जितका काळ लोटेल तितकी ती वाढत जाणारी. रीडच्या उपपत्तीशी ही रीत जुळते, पण तिला मागच्या तिथी ठाऊक असाव्या लागतात आणि त्यांच्यातील अनियमितपणाही हिशोबात धरावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील अनेक भ्रंशांचे असे चरांतून मिळालेले इतिहास एकत्र करून, २०१४ ते २०४३ या तीस वर्षांत ६.७ किंवा अधिक महत्तेचा किमान एक भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के काढण्यात आली. तेथील शाळा, पूल, रुग्णालये यांच्या मजबुतीकरणाचे अंदाज अशा आकड्यांवर आधारलेले असतात. कोणत्या वर्षी भूकंप होईल, हे कोणी विचारत नाही. किती पैसा कोठे आधी खर्च करावा, हे विचारतात.

आता आपल्या घराकडे वळू. आपला दख्खन हा भूपट्टाच्या कडेवर नाही, अंतर्भागात आहे. येथे थकबाकी इतक्या मंद गतीने चढते की दोन भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. माणसाची आठवण, राजांच्या बखरी, मंदिरांचे शिलालेख, सगळे या अंतरापुढे तोकडे पडतात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या सभेतील ज्येष्ठांना वेगळी सांगायला नको. अनंत चतुर्दशी झाली होती. दशलक्षण पर्वाची सांगता आणि गणपतीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि परिसराची भूमी हादरली. महत्ता ६.२, जगाच्या हिशोबात मध्यमच. परंतु लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. जाडजूड दगडी भिंती, त्यांत सांधा म्हणून नुसती माती आणि डोक्यावर माळवदाचा मणामणांचा भार. माणसे भूकंपाने मेली नाहीत, ती त्या घरांनी मेली, हे वाक्य कठोर वाटेल, पण ते सत्य आहे.

आणि त्या वेळी प्रचलित असलेल्या देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारी कोठे होती? पहिल्या क्षेत्रात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या. नकाशा करणाऱ्यांनी हलगर्जी केली असे मी म्हणणार नाही. ज्ञात भूकंप जेथे झाले तेथे धोका आणि जेथे ज्ञात नाहीत तेथे सुरक्षितता, अशी त्या काळची पद्धत होती. तिच्यातील उणीव किल्लारीने दाखवून दिली. २००२ साली नवा नकाशा आला तेव्हा पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. देशात धोका नसलेली भूमी अशी नाहीच, हे त्या एका दुरुस्तीने मान्य केले.

भूकंपानंतर किल्लारीतही चर खणले गेले, विंधनविवरे घेतली गेली. सुमारे ३४० मीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली प्राचीन खडक लागला. भूपृष्ठावर जमीन साधारण मीटरभरापर्यंत उचलली गेल्याच्या खुणा थोड्या अंतरापर्यंत दिसल्या. हा भ्रंश जुनाच आहे की नव्याने तुटला, यावर अभ्यासकांत मतभेद झाले. तेरच्या, म्हणजे प्राचीन तगर नगराच्या, अवशेषांवरून चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास त्या भागात भूकंप झाला असावा, असेही मत मांडले गेले आहे. तेर हे नाव आपल्याला अपरिचित नाही. पण एकाच संभाव्य तिथीवर पंचांग मांडता येत नाही. पॅलेट क्रीकची दलदल तेराशे वर्षे टिपणे ठेवीत होती. आपल्या काळ्या पाषाणाने तशी वही ठेवलेली नाही.

कच्छची गोष्ट थोडी निराळी आहे आणि आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुळे त्या भूमीत असल्याने ती सांगतो. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या रणात झालेल्या भूकंपाने ऐंशीहून अधिक किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी सहा मीटर उंचीचा उंचवटा एका दिवसात उभा केला. माणसांनी बांधलेल्या बांधांहून वेगळा म्हणून लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटले. सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. चार्ल्स लायेल यांच्या भूशास्त्रावरील विख्यात ग्रंथातही या घटनेचे वर्णन आहे. त्यानंतर १९५६ साली अंजारला भूकंप झाला आणि २६ जानेवारी २००१ रोजी भचाऊजवळचा, साडेसातांहून अधिक महत्तेचा, ज्यात भद्रेश्वरच्या प्राचीन जिनालयाचीही मोठी हानी झाली. अल्लाबंदाच्या परिसरात वाळूचे जुने उमाळे सापडले आहेत. मोठ्या हादऱ्यात ओली वाळू पातळ होऊन वर उसळते, त्याच्या या खुणा. त्यांवरून तेथे आठशे ते हजार वर्षांपूर्वीही तसाच भूकंप झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. पण २००१ चा भूकंप त्या भ्रंशावर झालाच नाही! तो शेजारच्या, जमिनीच्या पोटात दडलेल्या भ्रंशावर झाला आणि त्या भ्रंशाने भूपृष्ठावर स्पष्ट चिरा सोडली नाही. चर खणणार कोठे? एका खातेदाराची वही कितीही नीट वाचली तरी शेजाऱ्याचे कर्ज तिच्यात लिहिलेले नसते.

आणि कोयना? कोयनेचे धक्के आपल्या घरातील मांडणीवरच्या भांड्यांच्या परिचयाचे आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ महत्तेचा भूकंप आठवणारे येथे बसले आहेत. तेथील भूकंपांचा संबंध १९६२ पासून भरू लागलेल्या जलाशयाशी आहे, हे जगभर मान्य झाले आहे. खडकात साठलेला ताण आधीचाच. पाण्याचा भार आणि खोलवर झिरपणारा दाब यांनी तो लवकर मोकळा होऊ लागला. त्यामुळे तेथे मागच्या तिथींचा हिशोब जसाच्या तसा लागू पडत नाही. कऱ्हाडजवळ यासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र असून तीन किलोमीटर खोलीचे विवर तेथे घेण्यात आले आहे. हा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

तेव्हा आपल्या हाती उरते काय? इमारतींच्या जगातील एक आकडा सांगतो, जो आजच्या प्रसंगाला विशेष लागू आहे. अनेक देशांतील नियमांत सामान्य इमारतीसाठी असा हादरा गृहीत धरतात, जो पन्नास वर्षांत येण्याची शक्यता दहा टक्के असते. सरासरीच्या भाषेत तो ४७५ वर्षांतून एकदा येणारा. आपल्या न्यासाला पन्नास वर्षे झाली. "इतक्या वर्षांत कधी तडासुद्धा गेला नाही" असे कोणी म्हणाले तर ते खरेच आहे. पण दहात एक अशी शक्यता असलेली गोष्ट पन्नास वर्षांत न घडणे, हे अगदी अपेक्षित आहे. त्यातून भूमीविषयी फारसे काही कळत नाही. पुढच्या पन्नास वर्षांसाठी पुन्हा तोच दहात एक उभा आहे आणि इमारत मात्र पन्नास वर्षांनी जुनी झालेली आहे.

शिवाय भ्रंश आपल्या पायाखालीच असावा लागतो असे नाही. २००१ साली केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळशा अशा होत्या की, तळमजला वाहनांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर, आणि वर भिंतींनी भरलेले मजले. उलट, किल्लारी परिसरात नंतर ज्या जुन्या घरांच्या दगडी भिंतींतून आरपार जाणारे दगड बसवले गेले आणि भिंतींच्या माथ्यावर सळया घातलेल्या काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला गेला, ती घरे अधिक सुरक्षित झाली. हे काम फार खर्चाचे नाही आणि ते करणारे अभियंते आता जिल्ह्याच्या गावीही मिळतात.

वसतिगृहाच्या जुन्या इमारतीवर तिसरा मजला चढवून चाळीस विद्यार्थ्यांची वाढीव सोय करण्याचा प्रस्ताव आहे, असे मला येथे आल्यावर कळले. हेतू उत्तम आहे आणि देणगीदारही पुढे आले आहेत. मी पाहिले ती इमारत दगडी भिंतींची आहे. तिचा पाया दोन मजल्यांसाठी घातलेला असून समोरची भिंत मध्यंतरी दुकानगाळ्यांसाठी फोडलेली आहे. भूकंप कधी होईल हे मी सांगू शकत नाही. पण होईल तेव्हा रात्र असेल तर त्या खोल्यांत आपलीच मुले झोपलेली असतील. म्हणून प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येईल त्या दिवशी देणग्यांच्या यादीसोबत संरचना अभियंत्याचा लेखी अहवालही मांडला जावा आणि अहवाल प्रतिकूल असेल तर तो निधी आधी जुन्या भिंतींना बळकटी देण्यासाठी वळवण्यास देणगीदारांची संमती आताच घेऊन ठेवावी, अशी विश्वस्तांना माझी विनंती आहे.

प्रश्नोत्तरांसाठी थोडा वेळ राखला आहे, तेव्हा येथे थांबतो.